चाच्यांचं आडनाव

पालमहून नांदेडला जाणारी एसटी लोह्याला थांबायची. ड्रायव्हर-कंडक्टर चहाला उतरायचे आणि खिडकीशी बसून मांडीवरच्या कॉमिकची उरलेली पानं संपवायला मला तेवढा वेळ मिळायचा. ते इंद्रजाल कॉमिक माझ्याआधी गल्लीतल्या सात-आठ पोरांच्या हातून गेलेलं. मुखपृष्ठ फाटून गेलेलं, पिना गंजलेल्या, मधलं एक पान कुणाच्या तरी आईने पांढऱ्या दोऱ्याने टाचून दिलेलं. मुखपृष्ठच नसल्यामुळे त्या अंकाचं नाव मला कधी कळलं नाही. त्यातली एक चौकट मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.

समुद्रकिनारा. ओल्या वाळूत एक तरणा माणूस उभा आहे. अंगावरचे कपडे फाटलेले, केसांतून पाणी निथळतंय. दोन्ही हातांत कवटी आहे आणि ती त्याने डोक्याच्या वर धरली आहे. छपाईत तांबडा रंग जरासा उजवीकडे सरकलेला, त्यामुळे कवटीच्या कडेला एक तांबडी रेघ उमटली होती. ती रेघ म्हणजे रक्तच, असं मी कित्येक वर्षं समजत होतो. ज्याने त्याच्या बापाला मारलं त्याचीच ती कवटी. तिच्यावर हात ठेवून तो शपथ घेतो: मी, माझी मुलं आणि मुलांची मुलं या समुद्रावरच्या दरोडेखोरांचा नायनाट करू. तिथून वेताळाचं घराणं सुरू होतं, एकापाठोपाठ एक एकवीस पिढ्यांचं.

आणि त्याचे शत्रू सिंगा चाचे. आम्ही कोरड्या मुलखातली पोरं. आमचं पाणी म्हणजे गोदावरी, तिला आमच्याकडे सगळे गंगाच म्हणतात. समुद्र आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नव्हता. चाचे म्हणजे काय हेही आम्हाला त्या चित्रांवरूनच समजलेलं. तरी खेळताना सिंगा व्हायला कुणी तयार नसायचं. त्यासाठी चकत्या टाकाव्या लागायच्या.

पुढे नोकरीच्या गावी जुन्या पुस्तकांच्या ढिगात हीच गोष्ट इंग्रजीत हाती आली. परदेशी छापलेली, जाड कागदाची. तीच वाळू, तीच कवटी. पण चाच्यांच्या नावाशी आलो आणि अडलो. तिथे सिंगा नव्हतं. तिथे स्वच्छ ‘सिंग’ लिहिलं होतं. सिंग बंधुसंघ, सिंग टोळी, तिचा म्होरक्या कबाई सिंग. पान उलटून मी पुन्हा मागे गेलो, पुन्हा वाचलं. सिंगच.

पालमच्या माणसाला हे नाव सहज ओलांडून पुढे जाता येत नाही. आमच्या बाजूला सिंग म्हटलं की नांदेड. गुरू गोविंदसिंग १७०८ साली तिथे गोदाकाठी होते. गुरुपदाचा मान त्यांनी ग्रंथसाहिबाला दिला तो तिथेच, आणि त्यांनी देह ठेवला तोही तिथेच. पुढे महाराजा रणजितसिंगांनी पंजाबातून पैसा आणि माणसं धाडून १८३२ ते १८३७ या काळात तिथे आजचं हजूर साहिब उभं केलं. त्या ग्रंथसाहिबात संत नामदेवांची ६१ पदं आहेत, आणि नामदेवांचं नरसी गाव आज हिंगोली जिल्ह्यात असलं तरी १९९९ पर्यंत आमच्याच परभणी जिल्ह्यात होतं. जनाबाईंचं गंगाखेड तर पालमचं शेजारी. असा हा धागा. सिंग हे आमच्यासाठी परक्याचं नाव नव्हतं. मोंढ्यावर, ट्रकच्या गॅरेजात, यात्रेत भेटणाऱ्या आणि आपल्यासारखीच मराठी बोलणाऱ्या माणसांचं ते नाव होतं.

मग हे नाव समुद्रावरच्या लुटारूंना कुणी दिलं, का दिलं, आणि आमच्या हातात पडेपर्यंत त्याला एक काना कुणी जोडला? तेव्हापासून या प्रश्नाने माझा पिच्छा सोडलेला नाही.

वेताळाचा जनक ली फॉक हा अमेरिकेतल्या सेंट लुईसचा. जन्म १९११ चा. मँड्रेक जादूगाराची चित्रमालिका ११ जून १९३४ रोजी वर्तमानपत्रांत सुरू झाली तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. ती गाजली आणि किंग फीचर्स या वितरणसंस्थेने त्याच्याकडे आणखी एक मालिका मागितली. १७ फेब्रुवारी १९३६ ला फँटमची, म्हणजे आपल्या वेताळाची, पहिली पट्टी छापून आली. चित्रं रे मूर यांची. त्या पहिल्याच गोष्टीचं नाव ‘सिंग ब्रदरहूड’. म्हणजे या मालिकेत नायकाआधी शीर्षकात खलनायक बसला.

नायकाचं तर त्या वेळी फॉकच्याही मनात पक्कं ठरलेलं नव्हतं. सुरुवातीला त्याचा बेत असा होता की जिमी वेल्स नावाचा एक श्रीमंत, ऐशारामी तरुण रात्री मुखवटा चढवतो आणि फँटम होतो. पुढे काही आठवड्यांत जंगल, कवटीची गुहा, पिढ्यांची परंपरा हे सगळं सुचत गेलं आणि जिमी मागे पडला. पण सिंग टोळी पहिल्या दिवसापासून होती तशीच राहिली. मुळात त्या टोळीशिवाय शपथ नाही, आणि शपथेशिवाय वेताळ नाही. खलनायकाने नायकाला जन्म दिला असं या गोष्टीबाबत अगदी शब्दशः म्हणता येतं.

काळाच्या हिशेबातही ही टोळी फार आधीची आहे. सुपरमॅन आला १९३८ साली. कॉमिकच्या पुस्तकांतला पहिला महाखलनायक म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवतात तो अल्ट्रा-ह्यूमनाइट १९३९ चा. लेक्स लूथर आणि जोकर दोघेही १९४० चे. या सगळ्यांची नावं जगभरच्या पोरांना ठाऊक आहेत. त्यांच्या आधी, वर्तमानपत्राच्या चार इंच उंचीच्या पट्टीत, हिंदी महासागरातल्या चाच्यांची ही फौज उभी होती, आणि तिला नाव आपल्याकडचं होतं.

तरुण फॉकला आपल्याकडची माहिती कितपत होती? त्या दिवसांत त्याची जी ओळख छापली जायची तिच्यात तो जग हिंडलेला आणि पूर्वेकडच्या योग्यांजवळ शिकलेला म्हणून दाखवला जायचा. पुढे मुलाखतींत त्याने स्वतःच सांगितलं की ते सगळं रचलेलं होतं. मँड्रेक लिहायला घेतला तेव्हा तो घरापासून फारसा लांब गेलाच नव्हता. नंतर मात्र तो खरोखर जगभर फिरला, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. पण पहिला फँटम लिहिला तो पुस्तकांच्या आधारावर. बरोज यांचा टारझन आणि किपलिंगची जंगलकथा ही दोन नावं तो नेहमी घ्यायचा. किपलिंगचा जन्म मुंबईचा, १८६५ चा, जे. जे. कलाशाळेच्या आवारातला. त्याच्या पुस्तकातले ‘बंदरलोग’ हे वानर. त्या शब्दातला अर्धा भाग उचलून फॉकने वेताळाच्या जिवलग बुटक्या टोळीला ‘बंदार’ हे नाव दिलं. चालत्या-बोलत्या माणसांच्या टोळीला माकडाचं नाव पडलं आणि लिहिणाऱ्याला ते बहुधा जाणवलंही नाही. त्याच हाताने ‘सिंग’ हे नाव उचललं. ते भारतातलं वाटतं, उच्चारायला सोपं, इंग्रजी वाचकाच्या कानावरून गेलेलं. एवढं त्या कामाला पुरलं.

त्या काळी पूर्वेकडचा दुष्ट हा साचा तयारच होता. सॅक्स रोमर यांचा फू मांचू १९१२ पासून इंग्रजी वाचकांना घाबरवत होता. फँटमच्या दोनच वर्षं आधी, जानेवारी १९३४ मध्ये, याच किंग फीचर्सने फ्लॅश गॉर्डन सुरू केला होता. त्यातला सम्राट मिंग दुसऱ्या ग्रहावरचा, तरी त्याच्या मिशा, नखं आणि नाव चिनी. सिंग टोळी त्याच रांगेत येऊन बसली. फॉक वाईट मनाचा माणूस होता असं मला वाटत नाही. पुढच्या काळात त्याने वेताळाच्या देशात लोकनियुक्त राष्ट्राध्यक्ष आणला, काळ्या माणसांना मानाच्या जागा दिल्या. पण चोविसाव्या वर्षी त्याने जे नाव घेतलं ते मात्र मागे राहिलं आणि जगभर गेलं.

आता जरा गोष्टीतल्या हल्ल्याच्या तारखेकडे बघू. गोष्टीचे तपशील सुरुवातीच्या वर्षांत थोडे इकडेतिकडे होत गेले. शेवटी जी तारीख रूढ झाली ती १७ फेब्रुवारी १५३६, पहिली पट्टी छापून आली त्या दिवसाच्या बरोबर चारशे वर्षं आधीची. ख्रिस्तोफर वॉकर नावाचा तरुण बापाच्या जहाजावर आहे. बाप कधीकाळी कोलंबसाच्या जहाजावर पोऱ्या होता. चाचे जहाज लुटतात, सगळ्यांना कापून काढतात, एकटा ख्रिस्तोफर किनाऱ्याला लागतो. सुरुवातीच्या काळात हा किनारा आशियातलाच होता, देशाच्या नावात सरळ बंगाल ऐकू यायचा. तो आफ्रिकेत सरकला तो पुष्कळ नंतर.

फेब्रुवारी १५३६ मध्ये आपल्या समुद्रावर खरोखर कोण होतं? इंग्रज तर नव्हतेच. हिंदुस्थानात येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून ज्यांचं नाव सांगतात ते फादर थॉमस स्टीफन्स गोव्याला उतरले ते १५७९ साली. त्यांनी पुढे मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचलं आणि ते १६१६ मध्ये छापलं गेलं. इंग्रजांचं पहिलं व्यापारी जहाज सुरतेला लागलं १६०८ मध्ये. म्हणजे वॉकर बापलेक आपल्या समुद्रात निदान चाळीस वर्षं आधी पोचलेले आहेत.

शिखांचंही तेच. १५३६ मध्ये गुरू नानक हयात होते. त्यांचं निर्वाण १५३९ चं. ‘सिंग’ हा शब्द राजपुतांच्या नावांत जुनाच आहे. पण एका पंथाच्या सगळ्या पुरुषांनी एकच नाव लावायचं, बंधू म्हणून एकत्र बांधलं जायचं, हे घडलं १६९९ च्या बैसाखीला, आनंदपूरला, खालसा स्थापन झाला तेव्हा. ‘सिंग बंधुसंघ’ या शब्दांनी जर जगात काही खरं सांगितलं असेल, तर ते आनंदपूरच्या त्या मेळ्याबद्दल. आणि तो मेळा समुद्रापासून शेकडो कोस दूर भरला होता.

समुद्रावर त्या वर्षी सत्ता होती पोर्तुगीजांची. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून त्यांनी वसई घेतली होती, त्यातच मुंबईची बेटंही आली. १५३५ मध्ये दीवला किल्ला बांधायची परवानगी मिळवली. फेब्रुवारी १५३७ मध्ये, वॉकरच्या जहाजावर हल्ला झाला म्हणतात त्याच्या बरोबर वर्षभराने, हाच बहादूरशहा दीवसमोर पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत समुद्रातच मारला गेला. या पाण्यात कुणाचंही गलबत हाकायचं तर पोर्तुगीजांचा परवाना घ्यावा लागायचा, त्याला ‘कार्ताझ’ म्हणत. परवाना नसेल तर माल जप्त, जहाज जप्त, कधी माणसंही. पिढ्यानपिढ्या सगळ्यांचा असलेला समुद्र एका दिवसात कुणाच्या तरी मालकीचा झाला होता. त्याच्याही आधी, १५०२ मध्ये, मक्केहून परतणारं ‘मीरी’ नावाचं यात्रेकरूंचं जहाज वास्को द गामाने मलबारच्या समुद्रात बायका-पोरांसकट जाळलं. हा प्रसंग पोर्तुगीजांच्याच बाजूच्या लोकांनी लिहून ठेवला आहे.

किनाऱ्याला लागलेला एक अनाथ मुलगा बापाच्या मारेकऱ्यांविरुद्ध शपथ घेतो ही गोष्ट त्या शतकात या समुद्राकाठी खरोखर घडली असणं अगदी शक्य आहे. फक्त त्या मुलाचं नाव ख्रिस्तोफर नसेल. तो कालिकतचा असेल, रांदेरचा असेल, चौलचा असेल. मारेकरी तर सिंग नक्कीच नसतील.

आपल्याकडच्या माणसाला चाचा म्हणायची रीत यानंतर दोनशे वर्षांनी नीट बसली, आणि तिचा पहिला मोठा मानकरी मराठी होता. सरखेल कान्होजी आंग्रे. कुलाबा आणि विजयदुर्गच्या आधाराने त्यांनी कोकणच्या किनाऱ्यावर दस्तक चालू केलं. आमच्या पाण्यातून जायचं तर आमचा परवाना घ्या. कार्ताझचाच कायदा, फक्त यावेळी तो किनाऱ्यावरच्या राज्याने केलेला. मुंबईकर इंग्रजांनी तो मानला नाही, त्यांची जहाजं पकडली गेली, आणि इंग्रजी कागदांत आंग्रे चाचा झाला. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून कुलाब्यावर चालून आले तरी किल्ला पडला नाही. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले तेव्हा ते समुद्रावर अजिंक्यच होते. त्यानंतर आठ वर्षांनी, १७३७ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारात काम केलेल्या क्लेमंट डाऊनिंगचं पुस्तक लंडनला छापून आलं. त्याच्या लांबलचक शीर्षकातच आंग्रे यांच्या नावापुढे चाचा हा शब्द लावलेला आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला आणि आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. त्या मोहिमेत जमिनीवरून पेशव्यांचं सैन्य इंग्रजांच्या बाजूला होतं. मराठी इतिहासातलं हे पान मला कधी शांतपणे वाचता आलेलं नाही.

इंग्रजी पुस्तकांतून मग हा पूर्वेकडचा चाचा पुढे वाहत राहिला. साहसकथांत, मुलांच्या पुस्तकांत, नाटकांत. फॉकने डाऊनिंग वाचला होता असं मी म्हणत नाही. त्याला वाचायची गरजच नव्हती. १९३६ च्या अमेरिकेत बसलेल्या लेखकाला हिंदी महासागर म्हटलं की दाढी-फेट्यातला लुटारू आपोआप दिसत होता, कारण दोनशे वर्षं त्याला तेच दाखवलं गेलं होतं. तिकडे ज्या आंग्र्यांना चाचा म्हटलं, त्यांचंच नाव स्वतंत्र भारताने मुंबईतल्या आपल्या नौदलाच्या तळाला दिलं: आय. एन. एस. आंग्रे.

भारतात फँटम पहिल्यांदा दिसला तो चाळीसच्या दशकात, इलस्ट्रेटेड वीकलीच्या पानांवर, इंग्रजीत. वाचणारा वर्ग तेवढाच. सगळं पालटलं मार्च १९६४ मध्ये. टाइम्स ऑफ इंडियाने बोरीबंदरसमोरच्या आपल्या कचेरीतून इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं, इंग्रजीबरोबर हिंदीत आणि मराठीतही. पुढे आणखी भाषा आल्या. पहिले ३२ अंक नुसत्या फँटमचे. आधी महिन्याला एक, मग पंधरवड्याला, मग आठवड्याला, असं करत १९९० मध्ये बंद पडेपर्यंत आठशेवर अंक निघाले.

मराठीत त्याचं नाव झालं वेताळ, आणि या नावाने सगळी कथाच आपल्या मातीत आणून लावली. फँटम म्हणजे नुसता भास, सावली. वेताळ म्हणजे भुतांचा राजा, आणि तरी गावाचा राखणदार. कोकणात त्याची देवळं आहेत, घाटावर शेंदूर फासलेले त्याचे गोटे आहेत, गोव्यात तो बेताळ म्हणून पुजला जातो. अमावास्येला तो पलिते घेऊन फेरी काढतो, हे पालमच्या पोरालाही आजीकडून ठाऊक होतं. चांदोबात तोच वेताळ विक्रमाच्या खांद्यावर बसून कोडी घालायचा. ज्याला भ्यायचं आणि ज्याच्यावर भरवसाही ठेवायचा असं दैवत आपल्याकडे आधीच होतं. जांभळ्या कपड्यांतला, न मरणारा, जंगलात राहणारा हा परदेशी त्या नावात चपखल बसला. ज्या कुणाला हे नाव सुचलं त्याचं मराठी वाचकावर मोठं ऋण आहे.

बोरीबंदरच्या कचेरीतल्या त्याच टेबलावर कधीतरी मूळ इंग्रजी चौकटींतला ‘सिंग’ हा शब्दही आला असणार. भारतात ही गोष्ट छापायची आणि लुटारूंच्या टोळीला सिंग म्हणायचं, हे तिथे बसलेल्या माणसांना पटलं नाही. त्यांनी ‘सिंगा’ केलं. देशाच्या नावात बंगाल ऐकू येत होता, त्याचं त्यांनी ‘डेंकाली’ केलं. आणि तिसरी दुरुस्ती मला सगळ्यांत जवळची वाटते. एकविसाव्या वेताळाच्या वडिलांना दगा देऊन मारणाऱ्या चाच्याचं मूळ नाव होतं ‘रामा’. फॉकला ते सिंगसारखंच एक भारतीय नाव. आपल्याकडे सकाळी पाणवठ्यावर भेटलेला माणूस आधी राम राम म्हणतो, आमच्या गल्लीत दोन रामा होते आणि एक रामभाऊ. बोरीबंदरच्या संपादकांनी त्याचा ‘रामालू’ केला.

फार मोठा बदल नव्हता. फुग्यातला शब्द खोडायचा, त्याच जागेत मावेल असा दुसरा लिहायचा. चित्राला हात लावलेला नाही. फेटे, दाढ्या, वाकड्या तलवारी सगळं तसंच राहिलं. एक अक्षर वाढवून अन्याय पूर्ण पुसला जात नाही, हे मला मान्य आहे. तरी त्या एका कान्याचं मोल मी कमी लेखणार नाही. १९६४ मध्ये शीख सैनिक सीमेवर होते, फाळणीत घर सोडून आलेले लोक मुंबईत, नागपुरात, नांदेडात नव्याने उभे राहत होते. त्यांची पोरंही इंद्रजाल विकत घेत होती. नांदेडच्या एखाद्या सातवीतल्या मुलाला वर्गात ‘ए चाच्या’ अशी हाक पडली नाही, ती या दुरुस्तीमुळे. न घडलेल्या गोष्टींची नोंद कुठे राहत नाही. म्हणून ती इथे करून ठेवतो.

पुढे, १९७६ मध्ये, इंद्रजालने आपला स्वतःचा नायक आणला. आबिद सुरती यांनी लिहिलेला बहादूर, चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. समुद्र नाही, चंबळची खोरी. चाचे नाहीत, डाकू. आणि बहादूरचा बाप भैरवसिंग हाच डाकू, पोलिसांच्या गोळीने मेलेला. ज्या पोलीस अधिकाऱ्याने त्याला मारलं त्यानेच पोराला वाढवलं. वेताळाच्या गोष्टीशी ही गोष्ट शेजारी ठेवून बघावी. तिकडे मुलगा बापाच्या मारेकऱ्याची कवटी हातात घेऊन सूड घेतो. इकडे मुलगा बापाच्या मारेकऱ्याच्या हाताखाली वाढतो आणि बापाच्या वाटेवरून गावांना सोडवतो. नावात सिंग आहे, पण तो माणूस कोण, कुठला, का बिघडला, हे लिहिणाऱ्याला माहीत आहे. त्याच्या घरी पोर आहे. माझ्या लेखी भारतीय कॉमिकमधला खलनायक खऱ्या अर्थाने इथे जन्माला आला.

चाच्यांचं नाव बदलायला हवं हे अमेरिकेला उशिरा सुचलं. १९९६ मध्ये हॉलिवूडने फँटमवर चित्रपट काढला, बिली झेन नायक. त्यात चाच्यांच्या संघाचं स्पेलिंग फिरवून ‘सेंग’ केलं होतं. मूळ पट्टीला साठ वर्षं झाली होती. बोरीबंदरच्या त्या टेबलावर हेच काम बत्तीस वर्षं आधी होऊन गेलं होतं. ली फॉक तेव्हा हयात होते. मार्च १९९९ मध्ये ते वारले, शेवटपर्यंत वेताळ लिहीत.

लहानपणी ते फाटकं कॉमिक वाचत होतो त्या दिवशी एसटी नांदेडला पोचली तेव्हा माझी दोन पानं उरलीच होती. मामा स्टँडवर घ्यायला आला होता. “काय वाचायलास एवढं? चल, आधी दर्शन करू, मग घरी,” म्हणून त्याने मला सरळ गुरुद्वाऱ्यात नेलं. डोक्याला त्याचा रुमाल बांधला. पाय धुताना कॉमिक भिजू नये म्हणून मी ते शर्टाच्या आत खोचलं. दर्शन झालं आणि आम्ही लंगरच्या पंगतीत बसलो. समोर स्टीलची थाळी. एक म्हातारे सरदारजी डाळीची बादली घेऊन ओळीने वाढत येत होते. दाढी पांढरी शुभ्र, हाताला कडं, पळी भरून ओतण्याआधी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायची सवय.

माझ्याजवळ आले तेव्हा शर्टातून कॉमिकचं टोक बाहेर आलं होतं. त्यांनी वाकून पाहिलं.

“वेताळ का रे?”

मी मान डोलावली.

“माझा नातूबी त्याच्यातच डोकं घालून बसतो,” ते म्हणाले. “घे, पोटभर जेव.” आणि थाळीत आणखी एक पळी डाळ वाढून पुढच्या पोराकडे गेले.

घरी जाऊन मी ती उरलेली दोन पानं वाचली. शेवटच्या चौकटीत सिंगा चाच्यांचं जहाज बुडत होतं. दुपारी डाळ वाढणाऱ्या त्या आजोबांचा आणि त्या जहाजाचा काही संबंध असू शकतो, हे माझ्या मनालाही शिवलं नाही.